मुलांसह कार्ल्याला

घरांतील लहानथोर मंडळींनीं मिळून एक दिवस घराबाहेर घालवावा, ही कल्पना आपल्या समाजांत नवी आहे असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. कार्तिक महिन्यांत आवळीच्या झाडाखालीं जाऊन भोजन करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. झाडाची पूजा हें निमित्त. पण त्या निमित्तानें स्वयंपाकघरांतील सून, ओसरीवरचे वडील आणि अंगणांतलीं मुलें एका सावलींत, एका पंक्तीला बसत, हें त्यांतलें खरें मर्म. आजच्या सहलींत पूजा राहिली नाहीं. मर्म तरी राहिलें आहे कीं नाहीं, हें ज्या त्या कुटुंबानें आपल्या मनाशीं पाहण्यासारखें आहे.

ज्या घरांत मुलें वाढत्या वयाचीं आहेत त्या घराला तर सहलीचा प्रश्न दर वर्षीं नव्यानें पडतो. मूल कडेवर असतें तोंपर्यंत त्याला कोठेंही नेतां येतें. तें बोट धरून चालूं लागलें म्हणजे त्याच्या पावलांच्या मापानें ठिकाण निवडावें लागतें. आणि बोट सोडून तें पुढें धांवूं लागलें, कीं थोड्याच वर्षांत "मला यावयाचेंच नाहीं," असें म्हणण्याइतकें मोठें होतें. एकत्र कुटुंबांत हे तिन्ही प्रकार एकाच वेळीं नांदत असतात. त्यामुळें सर्वांना रुचेल, सर्वांना झेपेल आणि सर्वांना परवडेल असें ठिकाण शोधणें हें एखाद्या सोयरिकीइतकेंच जिकिरीचें काम होऊन बसतें.

आमच्या घरीं आम्ही दहा माणसें. आमच्या मातोश्री, म्हणजे मुलांच्या आजी, यांना पंचाहत्तरावें वर्ष चालू आहे. वडील बंधू व वहिनी, आम्ही उभयतां, आणि मुलें पांच. बंधूंची कन्या सर्वांत थोरली, पंधराव्या वर्षांतली; तिच्या पाठचा बारा वर्षांचा. आमचा थोरला नऊ वर्षांचा, मुलगी सात वर्षांची, आणि शेंडेफळाचें पांचवें वर्ष नुकतेंच संपलेलें. गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं या सर्वांनीं पुण्याहून कार्ल्याचीं लेणीं पाहावयास जावयाचें ठरलें.

ठरलें म्हणजे सहजासहजीं ठरलें असें मात्र नव्हे. पहिला आक्षेप वहिनींचा होता. त्या म्हणाल्या, "सहल सर्वांची, मग पहांटे चार वाजतां उठून डबे भरावयाचे ते आम्हीं दोघींनींच कां?" प्रश्न अगदीं रास्त होता. पुष्कळ घरांतून सहलीच्या दिवशीं स्वयंपाकघर बंद होत नाहीं, तें फक्त पिशव्यांत भरून डोंगरावर जातें. आणि तेथेंही वाढणारे हात तेच असतात. शेवटीं असें ठरलें कीं, सारी तयारी आदल्या संध्याकाळीं करावयाची आणि कोणीही रिकामें बसावयाचें नाहीं. मुलांनीं भाजलेल्या शेंगदाण्यांचीं सालें काढलीं, बंधूंनीं खलबत्त्यांत चटणी कुटली, आम्हीं बटाटे चिरले. दशम्या मात्र दोघींनीं लाटल्या आणि बारा वर्षांच्या वीरानें त्या भाजल्या. दशमीची कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजवितात, म्हणून सोंवळें पाळणाऱ्या पिढीलाही ती प्रवासांत चालत असे, आणि दुसऱ्या दिवशींही ती मऊ राहते, ही माहिती आजींनीं तव्याजवळ उभें राहून नातवाला सांगितली. त्यानें ती ऐकतां ऐकतां एक दशमी करपविली. ती कोणीं खावयाची यावरही थोडा वाद झाला. शेवटीं ती त्यानेंच खाल्ली.

दुसरा आक्षेप थोरलीचा. तो आक्षेप म्हणण्यासारखाही नव्हता. "तुम्ही सर्व जा, मी घरीं थांबतें," एवढेंच ती म्हणाली, आणि मोबाइलकडे पाहूं लागली. या वयांतील मुलींशीं बोलणें हें पाण्यानें भरलेलें ताट घेऊन चालण्यासारखें असतें. वहिनींचें म्हणणें पडलें कीं, तिला नेलीच पाहिजे. बंधूंचें म्हणणें कीं, ओढून नेलेलें माणूस सबंध दिवस ओढावेंच लागतें. दोघांचेंही खरें होतें. तेवढ्यांत आजी जपमाळ खालीं ठेवून म्हणाल्या, "ती नाहीं तर मीही नाहीं. एवढ्या पायऱ्या मला हात देऊन चढविणार कोण? तुम्ही सगळे पुढें पळणारे." हें त्यांचें चातुर्य होतें कीं खरोखरीची अडचण होती, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं. थोरलीनें आजींकडे पाहिलें आणि "बरें," म्हटलें.

सकाळीं शिवाजीनगर स्थानकावर लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी पकडली. लहान मुलांना आगगाडीचा प्रवास घडवावा तो अशा प्रत्येक ठिकाणीं थांबणाऱ्या गाडीनें. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी स्थानकांची माळ दोन्ही मुलगे मोठ्यानें म्हणूं लागले. तळेगांव मागें पडल्यावर इमारती विरळ झाल्या आणि कापणी झालेलीं भाताचीं शेतें दिसूं लागलीं. हा रस्ता किती जुना, असें नऊ वर्षांच्यानें विचारलें. पुणें ते खंडाळा हा लोहमार्ग 1858 सालीं सुरू झाला. पण बोरघाटांतून खालीं उतरणारा मार्ग पुरा होण्यास 1863 साल उजाडावें लागलें. मधल्या पांच वर्षांत पुण्याहून मुंबईस जाणारा उतारू खंडाळ्यास गाडींतून उतरे, घाट पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून उतरे आणि पायथ्याशीं पुन्हां आगगाडींत बसे. ही हकीकत आम्हीं सांगितली तेव्हां सात वर्षांची कन्या म्हणाली, "मग मुलांना कोण उचलून घेई?" इतिहास लिहिणाऱ्यांना असे प्रश्न फारसे पडत नाहींत, पण प्रवास करणाऱ्या प्रत्येक आईला तो पडला असला पाहिजे.

कामशेतनंतरचें स्थानक मळवली. येथें उतरून दक्षिणेकडे गेलें तर भाज्याचीं लेणीं, आणि त्यांच्या पाठीशीं लोहगड व विसापूर. उत्तरेकडे गेलें तर कार्लें. आजी, थोरली आणि डब्यांच्या पिशव्या रिक्षांत बसविल्या. बाकीची मंडळी पायीं निघाली. वाटेंत एक लहान नदी आडवी येते. पुलावरून वांकून पाहत नऊ वर्षांच्यानें नांव विचारलें. इंद्रायणी, असें सांगतांच तो थबकला. "आळंदीची इंद्रायणी?" तीच. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावून ती येथून देहूस जाते, देहूहून आळंदीस, आणि पुढें तुळापुरास भीमेला मिळते. आळंदीच्या घाटावर त्यानें जी नदी पाहिली होती, तिला आळंदीच्या अलीकडेही कांहीं आयुष्य असेल, हें त्याच्या ध्यानांतच आलें नव्हतें. मोठ्या माणसांविषयींही मुलांची समजूत बहुधा अशीच असते.

पायथ्यापासून वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस दुकानें आहेत: नारळ, ओटीचें सामान, हार, चिक्की, लांकडी खेळणीं. कारण या डोंगरावर जाणाऱ्या बहुतेकांचें लक्ष लेण्याकडे नसतें, एकवीरेकडे असतें. कोळी व आगरी समाजाची ही मोठी श्रद्धेची देवता; चैत्रांतील यात्रेला तर येथें पाय ठेवावयास जागा नसते. आम्ही गेलों त्या दिवशीं यात्रा नव्हती, तरी ढोल वाजवीत, गुलाल उधळीत, मुंबईच्या बाजूनें आलेले जथे चढत होते. कोळणींच्या अंगावरचे दागिने, त्यांचे खणखणीत आवाज आणि खांद्यावर मूल घेऊन पायऱ्या चढण्याची त्यांची चपळाई पाहून आमच्या कन्येचे डोळे विस्फारले. मुलांनीं पायऱ्या मोजल्या. एकाची गणती तीनशें बेचाळीस, दुसऱ्याची तीनशें एकसष्ट, आणि शेंडेफळाची वीस. कारण त्याला वीसपर्यंतच अंक नीट येत असल्यामुळें तो पुन्हां एकपासून आरंभ करी. पण तो चढला मात्र स्वतःच्या पायांनीं. दोनदां आम्हीं हात पुढें केला. दोन्ही वेळां त्यानें तो झिडकारला.

वर पुरातत्त्व खात्याची तिकिटांची खिडकी आहे. पंधरा वर्षांखालील मुलांस तेथें तिकीट पडत नाहीं. बंधूंनीं मोठ्या माणसांचीं पांच तिकिटें काढलीं, आणि पैसे देतां देतां ते म्हणाले, "पुढच्या खेपेला सहा." थोरलीचा वाढदिवस फाल्गुनांत येतो. हें सहज बोललेलें वाक्य होतें. पण वहिनींनीं एकदम मान वळवून मुलीकडे पाहिलें, आणि क्षणभर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मुलें मोठीं होतात हें आपण रोज पाहतों. पण तें असें एखाद्या खिडकीपाशीं सरकारी नियमाच्या रूपानें समोर आलें म्हणजे मनाला निराळेंच लागतें.

चैत्यगृहाच्या दाराशीं डाव्या हातास एक उंच स्तंभ असून त्याच्या माथ्यावर चार सिंह आहेत. उजव्या हातास, अगदीं लेण्याला खेटून, एकवीरेचें देऊळ. ओसरीच्या दोन्ही अंगांच्या भिंतींतून दगडी हत्तींचीं भव्य तोंडें बाहेर आलेलीं आहेत. आंत पाऊल टाकलें आणि बाहेरचा ढोल एकदम दूर गेल्यासारखा वाटला. भारतांतील कोरींव चैत्यगृहांत हें सर्वांत मोठें. लांबी सुमारें 124 फूट, रुंदी व उंची सुमारें 45 फूट. हे आंकडे पुस्तकांत वाचून मुलांना कांहीं कळत नाहीं. बारा वर्षांच्यानें पावलांनीं लांबी मोजली, मग मान वर करून उंची पाहिली, आणि "आपल्या वाड्यावर आणखी दोन वाडे," असा हिशेब जाहीर केला.

दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा खांब आहेत. बुडाशीं घट, वर अष्टकोनी दांडा, माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांवर स्वार झालेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं. स्तूपाच्या मागें मात्र सात खांब अगदीं साधे, घट नाहीं, हत्ती नाहीं. एकूण सदतीस. हे सातच साधे कां, या प्रश्नावर मुलांत मोठी चर्चा झाली. मधल्याचें मत पडलें कीं, पैसे संपले असावेत. कन्येचें मत कीं, मागें कोण पाहतो! विद्वानांचें मत कांहींही असो, या दोन्ही मतांत संसाराचा अनुभव आहे.

पैशांची गोष्ट निघाली म्हणून आम्हीं लेखांविषयीं सांगितलें. वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें शैलगृह पुरें केलें आणि जंबुद्वीपांत तें सर्वोत्तम आहे, असा एक लेख येथें आहे. पण एकट्या भूतपालाचें हें काम नव्हे. निरनिराळे खांब निरनिराळ्या माणसांनीं दिलेले आहेत. धेनुकाकट गांवच्या कित्येक यवनांचींही नांवें खांबांवर आहेत. एका सुगंधी द्रव्यें विकणाऱ्यानें दार दिलें. त्याच धेनुकाकटच्या सामि नांवाच्या सुताराचें नांव दाराजवळ कोरलेलें आहे. द्वाराचें काम त्याचें. "म्हणजे गणपतीसारखी वर्गणी!" नऊ वर्षांचा म्हणाला. अगदीं तशीच. "मग ज्यानें जास्त दिले त्याचा खांब मोठा आहे का?" कन्येनें विचारलें. सर्वांनीं पुन्हां खांबांकडे पाहिलें. दोन्ही ओळींतले खांब एकाच मापाचे होते. ब्राह्मी लिपींतील 'क' हें अक्षर बेरजेच्या चिन्हासारखें असतें, एवढी खूण सांगतांच मुलगे खांबाखांबावर 'क' शोधीत सुटले, आणि तीन ठिकाणीं तो सांपडला तेव्हां त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो शाळेच्या गुणपत्रकानें आम्हीं कधीं पाहिला नव्हता. ही लिपि कित्येक शतकें कोणाला वाचतां येत नव्हती. 1837 सालीं जेम्स प्रिन्सेप यानें तिचा उलगडा केला. दोन हजार वर्षांपूर्वींच्या सुताराचें नांव आज आपण उच्चारूं शकतों तें त्यामुळें.

आणि सुतार दगडाच्या लेण्यांत कशाला, याचें उत्तर डोक्यावरच होतें. छताला लांकडी कमानी आहेत, सागवानी, आणि त्या मूळच्याच आहेत. स्तूपावरचें छत्रही लांकडीच. दगड टिकला याचें कोणाला नवल वाटत नाहीं; पण लांकूड दोन हजार पावसाळे टिकलें, हें ऐकून वहिनी बराच वेळ वर पाहत उभ्या राहिल्या.

या सर्व वेळांत आजी व थोरली आल्या नव्हत्या. आम्ही पाहावयास बाहेर आलों तों दोघी शेवटच्या पायऱ्या चढत होत्या. थोरली एक पायरी पुढें, अंग तिरपें करून, हात मागें दिलेला. आजींचा दुसरा हात कठड्यावर. दर दहा पायऱ्यांनीं त्या बसत असाव्यात. वाटेंत त्या काय बोलल्या हें आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्यांनींही सांगितलें नाहीं. आजींनीं देवीची ओटी भरली, मग लेण्यांत येऊन स्तूपासमोर हात जोडले. "हा कोणता देव?" असें शेंडेफळानें विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "माणसांनीं इतक्या कष्टानें ज्याच्यासाठीं घर केलें, त्याला नमस्कार करावा; नांव मागाहून विचारावें."

उतरून आल्यावर एका झाडाखालीं डबे उघडले. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, चटणी, लिंबाचें लोणचें, दहींभात. आदल्या दिवशींच्या करारांतील शेवटचें कलम असें होतें कीं, वाढावयाचें पुरुषांनीं आणि आधीं बसावयाचें बायकांनीं. आजींना हें विचित्र वाटलें. "अग, आधीं मुलांना तरी—" असें त्या म्हणाल्या, पण त्यांच्या पानावर भाजी पडली होती. बंधूंनीं वाढलें, आम्हीं पाणी दिलें, मुलांनीं लोणचें फिरविलें. जेवण होतां होतां वहिनी म्हणाल्या, "आज अन्न गार होतें, पण मीं तें बसून जेवलें." हें वाक्य त्यांनीं तक्रारीच्या सुरांत म्हटलें नाहीं, म्हणूनच तें आमच्या लक्षांत राहिलें. वर्षाच्या तीनशें पासष्ट दिवसांतून किती दिवस आपल्या घरांतील स्त्रिया बसून, कोणी वाढलेलें जेवतात, हें वाचकांनीं आपापल्या घरीं मोजून पाहावें. पायऱ्यांच्या गणतीप्रमाणें यांत मतभेद होण्याचें कारण नाहीं.

दोन्ही मुलग्यांना त्यानंतर भाज्यासही जावयाचें होतें, आणि समोर दिसणारा लोहगडही खुणावीत होता. 2025 सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत त्याची गणना झाली आहे. पण एका दिवसांत सर्व पाहावयाचें, हा हट्ट मोठ्यांचा असतो. लहानांना तो त्यांच्याकडूनच लागतो. आम्हीं तो दिवस तेथेंच पुरा केला. मुलें तासभर नदीकांठीं खडे फेकीत बसलीं. त्या तासाचा इतिहासाशीं कांहीं संबंध नव्हता. पण पुढें आठ दिवस घरांत ज्या गोष्टी चालल्या, त्यांत सामि सुताराइतकाच त्या खड्यांनाही मान होता.

परतीच्या गाडींत थोरलीनें जाहीर केलें, "पुढच्या वेळीं मी आणि आजी दोघीच येऊं. तुम्ही लोक फार घाई करतां." ज्या मुलीला यावयाचें नव्हतें तिनें पुढची खेप ठरवून टाकली, मात्र त्यांत आम्हांला जागा नव्हती. वहिनींना हें ऐकून आनंद झाला कीं वाईट वाटलें, तें त्यांच्या तोंडावरून समजेना. बहुधा दोन्ही. शेंडेफळ तळेगांवच्या आधींच झोंपीं गेलें. दिवसभर ज्यानें हात झिडकारला, त्याला शिवाजीनगरला उचलूनच उतरवावें लागलें. आणि कडेवर घेतला तेव्हां त्याचे पाय आमच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. पुढच्या मार्गशीर्षांत तो झोंपला तर त्याला जागेंच करावें लागणार.

मुलांना घेऊन कोठें जावें, किती खर्च करावा, काय दाखवावें, यांविषयीं सल्ला देणारे पुष्कळ आहेत. आमचें सांगणें एवढेंच कीं, ठिकाण जवळचें असावें, काम सर्वांनीं वांटून घ्यावें, आणि घरांतील सर्वांत म्हातारें व सर्वांत लहान माणूस या दोघांनाही बरोबर न्यावें. लेणीं दोन हजार वर्षें थांबलीं आहेत, तीं आणखीही थांबतील. पण आजीचे पाय आणि शेंडेफळाचे पाय एकाच चढाला पुरे पडावेत, अशीं वर्षें कोणत्याही घराच्या वांट्याला फार थोडीं येतात. आमच्याकडे तीं सध्यां चालू आहेत. किती उरलीं आहेत तें कोणीं मोजूं नये, पण त्यांतला एकही मार्गशीर्ष रिकामा जाऊं देऊं नये.